वहीत नसलेले नाव : नवी मुंबईतील एका मराठी मंडळीचे प्रकरण

नवी मुंबईतील एका मराठी प्रोटेस्टंट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, काही वर्षांपूर्वी घडलेले हे प्रकरण आहे. मंडळीचे नाव, माणसांची नावे आणि नेमके साल मी मुद्दाम देत नाही, कारण यातील बहुतेक माणसे आजही दर रविवारी एकमेकांशेजारी बसतात. त्या वेळी मी पाळकीय समितीचा कार्यवाह होतो, सभासदांची वही माझ्या ताब्यात असे आणि या प्रकरणातली पहिली चूकही माझ्याच हातून झाली. त्यामुळे पुढील मांडणी त्रयस्थ माणसाची नाही, हे वाचकाने धरून चालावे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी उपासना आटोपल्यावर ‘माईकवाले काका’ मुलीच्या लग्नाचा अर्ज घेऊन माझ्या टेबलापाशी आले. शब्बाथशाळेतल्या (रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या) मुलांनी त्यांना दिलेले हे नाव पुढे मोठ्यांच्याही तोंडी बसले होते. अर्जात ‘सभासद क्रमांक’ असा एक रकाना असतो, तो त्यांनी कोरा सोडला होता. मी वही उघडली, त्यांच्या आडनावाचे पान पाहिले, मागची-पुढची दोन पाने पाहिली आणि मान वर न करताच म्हणालो, “काका, तुमचं नाव आपल्याकडे नाही. गावच्या मंडळीचं ना-हरकत पत्र लागेल, आणि फी बाहेरच्यांची लागेल.” त्यांनी काही न बोलता अर्जाची चौघडी घालून तो खिशात ठेवला आणि पुढे जाऊन ते नेहमीप्रमाणे माईकच्या वायरी हाताच्या कोपराभोवती गुंडाळू लागले.

हे गृहस्थ नेवासा तालुक्यातले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागल्यावर ते कुटुंबासह ऐरोलीला राहायला आले आणि तेव्हापासून, म्हणजे अर्ज घेऊन आले त्या दिवसापर्यंत सुमारे बारा वर्षे, आमच्याच मंडळीत येत होते. सुरुवातीला आमची उपासना एका शाळेच्या भाड्याच्या सभागृहात होत असे. क्रूस, सतरंज्या, पेटी, प्रभुभोजनाची (भाकर-द्राक्षारसाच्या विधीची) भांडी आणि ध्वनियंत्रणा असा सारा संसार दर रविवारी मांडावा लागे आणि दुपारी बाराच्या आत पत्र्याच्या ट्रंकेत भरून ठेवावा लागे. त्या काळात सकाळी सर्वांत आधी ते येत आणि शाळेच्या शिपायाकडून किल्ली घेत. पुढे सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेल्या भूखंडावर मंडळीची स्वतःची छोटी वास्तू उभी राहिली, तिच्या वायरिंगचे बरेचसे काम त्यांनी मजुरी न घेता केले. नाताळचा तारा गच्चीवर चढवणारे तेच, आणि सहा जानेवारीनंतर तो उतरवून ठेवण्याची आठवण राहणारेही तेच.

ज्यांना मंडळीचे कामकाज परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. मंडळी म्हणजे इमारत नव्हे, तर एका ठिकाणी उपासनेसाठी एकत्र येणारा, एकमेकांशी बांधून घेतलेला समुदाय. बाप्तिस्म्याने माणूस ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीचा होतो; परंतु त्याची काळजी कोणी घ्यायची, त्याच्या वागण्याबद्दल त्याला कोणी विचारायचे, त्याच्या मुलाबाळांना शिक्षण कोणी द्यायचे आणि अखेर त्याला मातीत कोणी पोचवायचे, हे स्थानिक मंडळीवर येते. आमच्या नियमावलीत सभासदाच्या हक्कांची यादी अशी होती : प्रभुभोजनात सहभाग, लेकरांचा बाप्तिस्मा, दृढीकरणाचे (बाप्तिस्मा झालेल्याने स्वतः विश्वास जाहीर करण्याच्या विधीचे) शिक्षण, लग्न व अंत्यविधीची सेवा, आजारपणात व अडचणीत पाळकाची भेट, वार्षिक सभेत मत आणि समितीसाठी उभे राहण्याची मुभा. कर्तव्यांची यादी त्याहून आखूड होती : नियमित उपासना, कुवतीप्रमाणे अर्पण, काही ना काही सेवा, प्रार्थना आणि मंडळीची शिस्त मान्य करणे. व्यवहारात आणखी एक गोष्ट लोकांना फार महत्त्वाची वाटते. ख्रिस्ती संस्थांनी चालवलेल्या शाळा-महाविद्यालयांत अल्पसंख्याक कोट्यातून प्रवेश घ्यायचा असेल, तर बाप्तिस्म्याचा दाखला आणि बहुधा पाळकाचे पत्र मागितले जाते. जून महिन्यात मंडळीत अचानक जी नवी तोंडे दिसतात, त्यांमागे हे कारण बरेचदा असते. मी कार्यवाह असताना त्याचा मला राग येई; आता तितका येत नाही.

बाहेरच्यांना वेगळी फी हा नियम काही दुष्टपणाने केलेला नव्हता. मंडळीशी कसलाही संबंध नसलेली माणसे केवळ सभागृह स्वस्त पडते म्हणून लग्नाची तारीख मागत, आणि त्यामुळे आमच्याच मुलामुलींना मे महिन्यातला शनिवार मिळेनासा होई. त्याचा बंदोबस्त म्हणून तो ठराव झाला होता. चूक नियमात नव्हती, तर तो लावताना समोर कोण उभे आहे हे न पाहण्यात होती.

अर्ज समितीपुढे गेला. पाळकसाहेबांनी आरंभीच कायद्याची बाजू स्पष्ट केली. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार वधू-वरांपैकी किमान एक जण ख्रिस्ती असला पाहिजे. पण दोघांपैकी कोणी अमुक मंडळीचा सभासद असावा अशी अट त्यात कुठेही नाही. म्हणजे अडवणूक कायद्याची नव्हती, ती आमची होती, आणि ती दूर करणेही आमच्याच हाती होते. तरीही चर्चा दीड तास चालली. एक सभासद म्हणाले की काका बारा वर्षे येतात हे खरे, पण इतक्या वर्षांत त्यांनी बदलीपत्र, म्हणजे नाव इकडे हलवण्यासाठी गावच्या मंडळीचे पत्र, का आणले नाही. हक्क हवा तर नाव नोंदवण्याचे कष्टही घ्यायला हवेत. दुसरे एक जण म्हणाले, “सोसायटीत भाडेकरू वीस वर्षं राहिला तरी त्याला मत नसतं.” नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाची बुद्धी गृहनिर्माण सोसायटीच्या वळणाने चालते, हे मी अनेकदा पाहिले आहे. थकबाकीदार, भाडेकरू, कोरम, ना-हरकत हे शब्द इथल्या मंडळीच्या सभांत बायबलमधल्या शब्दांइतक्याच सहजपणे येतात. त्या वाक्यावर दोघे-तिघे हसले. काका आणि त्यांची पत्नी दाराजवळच्या खुर्च्यांवर बसून होते.

तिसऱ्या एका सभासदाने नारायण वामन टिळकांचा दाखला दिला. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा दिली. मग आपण वह्या-रजिस्टरांना एवढे का चिकटून राहायचे, असा त्यांचा सवाल होता. दाखला मोठा होता, पण मला तो इथे गैरलागू वाटला. टिळकांपुढे प्रश्न होता तो कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या भक्तांचा. आमच्यापुढचा माणूस बारा वर्षे कुंपणाच्या आत होता आणि आम्हीच त्याची मोजणी केली नव्हती.

या चर्चेत पाळकसाहेब उठले आणि कपाटातून दृढीकरणाची वही घेऊन आले. त्यांनी पाने चाळली आणि एका नोंदीवर बोट ठेवून वही माझ्याकडे सरकवली. काकांच्या मुलीचे दृढीकरण पाच वर्षांपूर्वी आमच्याच मंडळीत झाले होते. ती आमच्या शब्बाथशाळेत वाढली होती, तिने इथेच शिक्षण घेतले होते आणि इथेच पहिले प्रभुभोजन घेतले होते, म्हणजे नियमावलीप्रमाणे ती पूर्ण सभासद होती. आमची सभासदांची वही मात्र कुटुंबप्रमुखाच्या नावाने लावलेली होती. प्रमुखाचे नाव नसल्याने त्या घरातल्या कोणाचेच नाव तिच्यात चढले नव्हते. अर्ज वधूचा होता आणि मी नाव शोधले होते तिच्या वडिलांचे.

फीचा प्रश्न तिथेच संपला. मी क्षमा मागितली, कोणीतरी चहाचे नाव काढले आणि सभा उठण्याच्या बेतात आली. तेवढ्यात काकांच्या पत्नी बोलल्या. त्या समितीपुढे याआधी कधी बोलल्या नव्हत्या.

“दादा, पोरीचं झालं, देवाची कृपा. पण ह्यांची कंपनी बंद पडली तेव्हा आम्ही सात महिने आलो नव्हतो. ह्यांना कुणाला तोंड दाखवायची लाज वाटायची. कुणी आलं का विचारायला?”

कोणीच काही बोलले नाही. त्या पुढे म्हणाल्या, “वहीत नाव नव्हतं म्हणून असेल. तसं असेल तर आमचीच चूक.”

त्या रात्री मी जुनी इतिवृत्ते काढली. आमच्याकडे घरभेटींची व्यवस्था होती. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे आणि कळवा असे विभाग पाडून प्रत्येक विभागाची यादी दोघा-दोघांकडे दिली जात असे, आणि सलग चार रविवार न दिसलेल्या कुटुंबाला भेटायचे असा नियम होता. ही यादी सभासदांच्या वहीवरून तयार होई आणि ती तयार करणारा मीच होतो. त्या सात महिन्यांपैकी दुसऱ्या महिन्याच्या इतिवृत्तात माझ्याच अक्षरात पुढील नोंद सापडली : ध्वनिव्यवस्था पाहणारे बंधू काही रविवारपासून अनुपस्थित असल्याने पर्यायी व्यवस्था करावी, तरुण संघातील दोघांवर ही जबाबदारी सोपवावी. म्हणजे ते येत नाहीत, हे आमच्या लक्षात आले होते. त्यांच्या अनुपस्थितीवर आम्ही ठरावही केला होता, सूचक-अनुमोदकासह.

सभासदत्वाचे हक्क म्हटले की माणसे मत, लग्न आणि कबर यांचा विचार करतात. या प्रकरणानंतर मला वाटू लागले की त्या यादीत सर्वांत मोलाचा हक्क लिहिलेलाच नव्हता, तो म्हणजे आपण दिसलो नाही तर आपला शोध घेतला जाण्याचा हक्क. त्याची दुसरी बाजू कर्तव्याची आहे आणि ती कडवट आहे : ज्याला शोधले जावे असे वाटते, त्याने विचारले जाणेही सोसले पाहिजे. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात अपराध केलेल्या भावाकडे आधी एकट्याने, मग एक-दोघांना घेऊन आणि शेवटी मंडळीपुढे जाण्याचा जो क्रम सांगितला आहे, तो कोणासाठी पाळायचा हे ठाऊक असेल तरच पाळता येतो. यादी हा कारकुनी विषय आहे असे आपण समजतो, पण पहिल्या शतकातल्या मंडळ्यांनाही तिच्याशिवाय चालले नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायातली तक्रार रोजच्या वाटणीत काही विधवांकडे दुर्लक्ष होते, हीच आहे. आणि तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर कोणत्या विधवेचे नाव यादीत घ्यावे याची वयोमर्यादासुद्धा, साठ वर्षे, दिलेली आहे.

आता काकांची बाजू. बदलीपत्र न आणण्यामागे आळस असेल असे आम्ही धरून चाललो होतो. पाळकसाहेब आणि मी त्यांच्या घरी गेलो (बारा वर्षांतली ही पहिली घरभेट), तेव्हा कळले ते वेगळेच. त्यांच्या गावची मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या काळातली आहे. या मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि १८३१ पासून नगरला त्याचे ठाणे झाले. त्या पट्ट्यात अशा कितीतरी जुन्या लहान मंडळ्या आहेत. गावच्या वहीत आजही बरीच नावे आहेत, पण त्यातली निम्म्याहून अधिक माणसे पुण्याला, ठाण्याला आणि नवी मुंबईला असतात. ती मंडळी पाळकाचा पगार आणि देवळाची डागडुजी भागवते ती हंगामाच्या सणाला बाहेरगावाहून येणाऱ्या अर्पणावर. सगळ्यांनी आपापली नावे काढून नेली तर गावात मागे राहतील ती म्हातारी माणसे आणि मोडकी घंटा. काका दरवर्षी तिकडेही वर्गणी पाठवत होते आणि इकडेही पाकीट टाकत होते.

दुसरे कारण त्यांनी बराच वेळ सांगितले नाही. अखेर पत्नीने डोळ्यांनी खुणावल्यावर म्हणाले, “नाव काढलं की तिथल्या कबरस्तानातली जागा जाते. आई-वडील तिथं आहेत.” असा नियम खरोखर आहे का, असे पाळकसाहेबांनी विचारले, तर त्यांना ठाऊक नव्हते. गावातल्या कुणीतरी कधीतरी सांगितले होते, आणि महापालिकेच्या दफनभूमीत अनोळखी माणसांच्या रांगेत झोपायचे, या कल्पनेनेच त्यांनी बारा वर्षे तो विषय काढला नव्हता.

इथे मला त्यांचा दोषही नोंदवला पाहिजे, कारण पुढे मंडळीत त्यांची बाजू घेणाऱ्यांनी त्यांना अगदीच निर्दोष ठरवून टाकले. एक पाय गावात आणि एक ऐरोलीत ठेवल्याने त्यांना दोन्हीकडून काही मिळत होते आणि दोन्हीकडे काही चुकवताही येत होते. गावच्या पाळकाला ते शहरात काय करतात हे दिसत नव्हते, आणि आम्हाला त्यांना विचारण्याचा अधिकार नव्हता. एकदा समितीत या म्हणून आग्रह झाला तेव्हा “माझं नाव गावाकडे आहे” असे सांगून त्यांनी तो टाळला होता, आणि त्या वेळी ते उत्तर आम्हा सर्वांनाच सोयीचे वाटले होते.

पाळकसाहेबांनी गावच्या पाळकांना पत्र लिहिले. तीन आठवड्यांनी उत्तर आले, रेघांच्या वहीच्या कागदावर, निळ्या शाईत. त्यात काकांच्या बाप्तिस्म्याची व दृढीकरणाची नोंद होती, त्यांच्या आचरणाबद्दल दोन ओळी होत्या, आणि शेवटी लिहिले होते की आमच्या कबरस्तानात मातीला सभासद क्रमांक विचारत नाहीत, घरच्यांनी सांगितले की खड्डा खणतो. मात्र हंगामाच्या सणाला येणे सोडू नये. प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या, बायबलमधल्या पत्राच्या शेवटी किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी हिची शिफारस केली आहे आणि तिला लागेल ते साहाय्य करावे असे सांगितले आहे. बदलीपत्राचा मूळ पुरुष म्हणायचा तर तो हाच. आमच्या छापील फॉर्ममध्ये मात्र ‘सदर इसमाकडे थकबाकी आहे / नाही’ असा रकाना होता, आणि साहाय्याचा शब्दही नव्हता.

या दरम्यान मार्चअखेरची वार्षिक सभा आली. तिथे या प्रकरणाची उलटी बाजू दिसली. आमच्या नियमाप्रमाणे सहा महिन्यांपेक्षा जास्त वर्गणी थकलेल्या सभासदाला मत देता येत नाही. निवडणूक चुरशीची होती, आणि सभेच्या आदल्या आठवड्यात वर्षानुवर्षे न दिसलेल्या सभासदांनी एकरकमी थकबाकी भरली. ठाण्यात घोडबंदर रस्त्याला राहायला गेलेल्या एका गृहस्थांनी चार वर्षांची वर्गणी भाच्याच्या हाती पाठवली. ते स्वतः सभेला आले, मत टाकले आणि शेवटची प्रार्थना होण्याआधी निघून गेले. नियमाने त्यांना अडवता येत नव्हते. मंडळीची मालमत्ता सार्वजनिक न्यासाखाली नोंदलेली असल्याने निवडणुकीनंतर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत बदल अहवाल सादर करावा लागतो, आणि मतदारयादीत कोणाला तोंडपाहून वगळले वा घेतले असे दिसले तर प्रकरण धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात वर्षानुवर्षे रेंगाळू शकते. म्हणून आम्ही दोन्हीकडे नियमच लावला : त्या गृहस्थांना मत दिले, आणि काकांना, त्यांचे पत्र अजून यायचे असल्यामुळे, दिले नाही. त्या दिवशीही सभेचा माईक काकांनीच लावला. मतमोजणी चालू असताना ते मागच्या भिंतीला टेकून उभे होते.

हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो आणि आजही टोचतो. पाळकसाहेबांनी त्या वेळी सुचवले होते की काकांना खास ठरावाने मत द्यावे. मी विरोध केला. हक्क हे उपकाराची परतफेड म्हणून वाटायला लागलो, तर माईक लावणाऱ्याला मिळतील, आणि गुडघे दुखतात म्हणून फक्त घरी प्रार्थना करणाऱ्या आजीबाईंना मिळणार नाहीत. काकांना मत मिळायला हवे होते ते सभासद म्हणून. वायरिंग फुकट केले म्हणून नव्हे.

लग्न मेच्या पहिल्या शनिवारी झाले. एप्रिलमध्ये गावचे पत्र आल्यावर काकांचे, त्यांच्या पत्नीचे आणि धाकट्या मुलाचे नाव वहीत चढले होते. एका रविवारी पाळकसाहेबांनी तिघांना पुढे बोलावून मंडळीसमोर प्रश्न विचारले आणि मग मंडळीलाही उभे करून, यांची काळजी घ्याल का, असे विचारले. हा दुसरा प्रश्न आमच्या विधीत छापलेला नाही. तो त्यांनी त्या दिवशी स्वतःहून घातला. आमच्याकडे नगरकडचे काँग्रिगेशनल, कोल्हापूर-मिरजेकडचे प्रेसबिटेरियन, डहाणूकडचे ब्रदरन अशा निरनिराळ्या परंपरांतून आलेली घराणी आहेत, आणि विधीत एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी आठवडाभर चर्चा चालते. या प्रश्नाबद्दल मात्र कोणी तक्रार केल्याचे मला आठवत नाही.

कामकाजात दोन बदल झाले. वही आता माणसागणिक लावली जाते, कुटुंबप्रमुखागणिक नाही. घरभेटींची यादी वहीवरून न करता उपासनेच्या हजेरीवरून आणि वहीवरून अशी दोन्हींवरून होते, त्यामुळे जो येतो पण नोंदलेला नाही तो आणि जो नोंदलेला आहे पण येत नाही तो, असे दोघेही तिच्यात येतात. यादी पूर्वीपेक्षा बरीच लांब झाली आहे आणि भेटी द्यायला माणसे पुरत नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

काकांना घरभेटीच्या गटात घेतले तेव्हा त्यांच्या वाट्याला आलेल्या पहिल्या चार घरांत घोडबंदर रस्त्यावरच्या त्या गृहस्थांचे घर होते. कोणी मुद्दाम दिले नव्हते. ऐरोलीहून ठाण्याच्या बाजूला जायला दुसरे कोणी तयार नव्हते. आतापर्यंत तिथे तीन भेटी झाल्या आहेत. पहिल्या भेटीत दार उघडले ते सेफ्टी चेनच्या फटीएवढेच. दुसऱ्या भेटीत चहा झाला. तिसऱ्या भेटीत गृहस्थांनी बायको गेल्यापासून बंद असलेला स्वयंपाकघरातला पंखा दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी काका टेस्टर आणि कपॅसिटर घेऊन एकटेच पुन्हा गेले. ती चौथी भेट वहीत घरभेट म्हणून नोंदवायची की नाही, यावर समितीत अजून एकमत झालेले नाही.